कोकणात राहून सागरी संवर्धन शिकवण्याची नोकरी कशी असते? झूलॉजीत एम.एस्सी. करून या वाटेला जावं का?

तुम्ही विचारलंय, दिवस बोटीवर जातो की वर्गात. खरं सांगू? टेबलावर जातो. हजेरी, महाविद्यालयाचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फायली, उत्तरपत्रिका. समुद्र उरलेल्या वेळात.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवते. पैशाचं आधी उरकते. नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास झाले तरी पहिली चार वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या पैशावर, काढली. मानधन यायचं ते सहामाही उलटल्यावर. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, पण ती जागा निघायला हवी ना. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या ठिकाणी सहसा मत्स्यशास्त्राची पदवी मागतात, म्हणजे झूलॉजीवाल्यांना आमच्यासारखी साधी महाविद्यालयंच.

आता मजेचा भाग. माझ्या वर्गात निम्मी मुलं मच्छीमारांच्या घरची. पहिल्याच वर्षी व्हेल शार्क शिकवत होते, २००१ पासून तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहे वगैरे. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, हा तर बहिरी!” मला हे नाव ठाऊक नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक माशाचं गावाकडचं नाव आधी मुलांना विचारते, शास्त्रीय नाव मागून.

दरवर्षी एक बॅच पहाटे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या जेटीवर नेते. २०२३ मध्ये राज्याने ५४ प्रजातींची किमान कायदेशीर लांबी ठरवली, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पापलेटाची १३५ मिलिमीटर. त्याच वर्षी ते राज्यमासाही झालं. मुली फूटपट्टी लावून पापलेटं मोजत होत्या, मी वहीत आकडे घेत होते. लिलावातली एक मावशी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आता मोजून काय, बाय? पाण्यात होता तेव्हा मोजायचा ना!”

मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या आठवड्यातला तास मी जाळ्याच्या आसावर, म्हणजे त्यातल्या भोकावर, घेतला. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढताना ताणला की मिटतो आणि पिल्लं आत अडकतात. चौकोनी आस ताण आला तरी उघडा राहतो. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या, खोळ्याला (मासे जमतात ती शेवटची पिशवी) ४० मिलिमीटरचा चौकोनी आस का हवा, हे मुलांनी जुन्या जाळ्याचे तुकडे हातांनी ओढून पाहिलं. मावशीचं म्हणणं हेच तर होतं.

एक तास मात्र कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर २०१८ पासून राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी कासव सोडलं, फोटो काढला, अर्ज केला. अर्ज परत आला: फोटोत कासव दिसतं, कापलेलं जाळं दिसत नाही. ओल्या हातांनी, हलत्या होडीत, एका हाताने कासव धरून माणूस आणखी काय काढणार? ते गृहस्थ मला म्हणाले, “पुढल्या वेळी कासवाला थांब म्हणून सांगतो.” तेव्हापासून दरवर्षी एक तास मी फक्त फोटो काढायला शिकवते: कासव, जाळ्याचा कापलेला भाग आणि होडीचा नंबर. कासव म्हणून वर्गातला प्लास्टिकचा टब असतो.

अवघड काय, तर बाजू. एका बाकावर किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्याचा मुलगा, दुसऱ्यावर यांत्रिक बोटीतून माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीनवाल्याची मुलगी. दोघंही मला विचारतात, मॅडम, तुम्ही कोणाच्या? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, तरी तिथे ‘संवर्धन’ म्हटलं की लोकांना आधी ‘बंदी’च ऐकू येते. मी आता हा शब्द जेटीवर वापरत नाही. पुढच्या वर्षी बांगडा मिळायला हवा, एवढंच बोलते. त्यावर कोणी भांडत नाही. (भांडतात, पण माझ्याशी नाही.)

तर, यावं का? माझं मत विचाराल तर पीएच.डी.ला नाव नोंदवण्याआधी आठ दिवस कुठल्याही बंदरावर पहाटेचा लिलाव बघा. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं बघायला सगळेच येतात, त्यावरून काही ठरवू नका. जून-जुलैत येऊ नका, मासेमारी बंद असते. आणि साध्या चपला घालू नका, जेटी भयंकर निसरडी असते.