सुरुवात माँटगोमेरीपासून करा

अमेरिकेचा सामाजिक इतिहास वाचायला घेताय, तर लगेच मोठ्या नेत्यांच्या चरित्रांकडे वळू नका. एकच घटना धरा आणि तिच्या मुळाशी जा. माझ्या मते त्यासाठी माँटगोमेरीचा बस बहिष्कार उत्तम. अलाबामा राज्यातल्या या शहरात कृष्णवर्णीयांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बसने जाणंच सोडलं होतं.

गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना अटक झाली आणि त्यातून हा बहिष्कार सुरू झाला. त्या दमल्या होत्या म्हणून जागेवरून उठल्या नाहीत, हे आधी डोक्यातून काढा. त्या कित्येक वर्षं कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीत होत्या. त्यांच्या नऊ महिने आधी, मार्च १९५५ मध्ये, १५ वर्षांच्या क्लॉडेट कॉल्व्हिनलाही याच कारणावरून अटक झाली होती. पुढे ज्या दाव्याने बसमधला वर्णभेद बेकायदा ठरला, त्यातल्या वादींमध्ये ही मुलगी होती. तिचं नाव मात्र मागे पडलं, याचं फार वाईट वाटतं.

पार्क्सना अटक झाली त्याच रात्री प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी कॉलेजच्या यंत्रावर बहिष्काराची हाक देणारी हजारो पत्रकं काढली. जॉर्जिया गिलमोर यांनी जेवण आणि केक विकून पैसे उभे केले, त्यातून बसऐवजी लोकांची ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या खर्चाला हातभार लागला. ३८१ दिवसांचा लढा या बायकांनी तोलून धरला!

बहिष्काराचं नेतृत्व करणारे मार्टिन ल्यूथर किंग तो सुरू झाला तेव्हा अवघे २६ वर्षांचे. त्यांची भाषणं यानंतर वाचा.