ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?

पत्र थोडक्यात असे: "मी साताऱ्यात बँकेत नोकरी करतो. मुलाची बारावी झाली असून त्याला मेकॅनिकल इंजिनीअर होऊन जर्मनीत काम करायचे आहे. सांगलीचे वालचंद मिळेल अशी आशा आहे. पुण्यातील एका खासगी विद्यापीठात दोन वर्षे इथे आणि दोन वर्षे जर्मनीत असाही अभ्यासक्रम आहे, पण त्यासाठी घरावर कर्ज काढावे लागेल. मी २३ महाविद्यालयांचा तक्ता केला आहे. अर्ज मीच भरतो, ओटीपीही माझ्याच मोबाइलवर येतो, कारण त्याला त्यातले फारसे कळत नाही. शनिवारी पसंतीक्रमाची मुदत संपते. पहिल्या क्रमांकावर काय ठेवू?"

नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा ओटीपीच्या वाक्यापाशी अडले. शुल्क, वसतिगृह, प्लेसमेंट यांवर तुम्ही पानेच्या पाने लिहिलीत आणि ज्याला जायचे आहे त्याच्या वाट्याला एवढेच आले, की त्याला फारसे कळत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या प्रवेशाचा अर्ज कळत नसेल, तर तो त्याला कधी भरूच दिलेला नाही. तुमची तळमळ मला दिसते, पण त्याचे नुकसान तुमच्याच हातून होत आहे.

जर्मनीला निघालेल्या विद्यार्थ्याला काय काय करावे लागते ते पाहा. दिल्लीच्या एपीएस या जर्मन कार्यालयाकडून शैक्षणिक कागदपत्रे तपासून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. नोव्हेंबर २०२२ पासून हे प्रमाणपत्र व्हिसासाठी बहुतेकांना बंधनकारक आहे. वर्षाच्या खर्चाचे, सध्याच्या नियमाने ११,९०४ युरो, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे एकदम काढता न येणाऱ्या खात्यात, ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो हाती येतात. तिथे पोहोचल्यावर खोली शोधायची, घरमालकाची सही घ्यायची आणि दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा, तोही बहुधा जर्मनच बोलणाऱ्या कारकुनापुढे बसून. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, आणि त्या महिन्यांत साताऱ्याहून त्याच्यासाठी मुलाखत देता येणार नाही.

तुमच्या तक्त्यात वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे देशांनी एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्यांना मान्यता देण्याच्या कराराचाही एक रकाना आहे, म्हणून सांगते. भारत २०१४ साली या कराराचा पूर्ण सदस्य झाला, पण जर्मनी त्यात नाही. शिवाय ती मान्यता सबंध महाविद्यालयाला नव्हे, एनबीए या राष्ट्रीय मान्यता मंडळाने तपासलेल्या त्या त्या शाखेला मिळते. जर्मन विद्यापीठे आपली संस्था 'अनाबिन' नावाच्या सूचीत पाहतात. ही सूची कोणालाही उघडता येते, मात्र ती जर्मन भाषेत आहे. ती त्याला उघडू द्या, शब्दकोश शेजारी घेऊन बसू द्या. त्या एका संध्याकाळी त्याला जे उमगेल, ते तुमच्या २३ ओळींतून उमगणार नाही.

कर्जाचेही तसेच. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. म्हणजे पदवी इथे घेऊन पुढच्या शिक्षणासाठी तिकडे जाण्याची वाट घर गहाण न टाकताही मोकळी आहे. पुण्याच्या विद्यापीठाला फोन करून शेवटी पदवी कोणाची मिळते आणि तिसऱ्या वर्षाचा जर्मनीतील प्रवेश नक्की असतो की गुणांवर ठरतो, हे विचारायचे आहे. तो फोन त्याने करायचा.

तेव्हा पहिल्या क्रमांकावर काय ठेवायचे हे मी सांगणार नाही आणि तुम्हीही सांगू नका. आज रात्री जेवणे झाली की लॉगिन आणि पासवर्ड कागदावर लिहून त्याच्या हातात द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती जागा ऑटो-फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. हा नियम त्याला माहितीपुस्तिकेत स्वतः शोधू द्या. त्याने हाक मारली तरच उठा, आणि तो विचारील तेवढेच सांगा. नोंदणी तुमच्या क्रमांकावर असेल, तर शनिवारी अर्ज निश्चित होईपर्यंत तुमचा मोबाइल त्याच्यापाशीच राहू द्या.