सॉफ्टवेअर आम्ही लिहिले, आता मार्केटिंगही आम्हीच करायचे का?

प्रश्न : आम्ही दोघे मित्र अभियंते आहोत, एक मेकॅनिकलचा, दुसरा कॉम्प्युटरचा. भोसरी एमआयडीसीतील लहान मशीन शॉपसाठी, जॉबवर्कला, म्हणजे एखादी प्रक्रिया दुसऱ्या कारखान्यातून करून घ्यायला, बाहेर पाठवलेल्या मालाचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर आम्ही तयार केले आहे. सध्या ११ ग्राहक आहेत, पण त्यांतले बहुतेक ओळखीतले. एक डिजिटल मार्केटिंग एजन्सी दरमहा ६०,००० रुपयांत जाहिरात, वेबसाइट आणि सोशल मीडियाचे सगळे काम अंगावर घ्यायला तयार आहे. आमच्याजवळची शिल्लक त्या खर्चासह जेमतेम नऊ महिने पुरेल. आम्हा दोघांनाही विक्रीचे बोलणे जमत नाही. अशा स्थितीत मार्केटिंग आम्ही स्वतः करावे, की ज्याचे काम त्याच्यावर सोपवून आम्ही सॉफ्टवेअरकडे लक्ष द्यावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तूर्त हे काम तुम्हीच करावे आणि एजन्सीला नकार कळवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे वाचतील हे त्याचे एक कारण आहे, पण मुख्य कारण वेगळे आहे. ओळखीचा माणूस पुष्कळदा भिडेखातर घेतो आणि गैरसोय झाली तरी बोलत नाही. त्यामुळे अनोळखी कारखानदार तुमचे सॉफ्टवेअर कोणत्या अडचणीसाठी विकत घेईल, हे अजून तुम्हालाच ठाऊक नाही. आणि जे तुम्हाला ठाऊक नाही, ते एजन्सी जाहिरातीत लिहिणार तरी कुठून?

तुमच्याच क्षेत्रातले उदाहरण घेऊ. मशीनिंग झालेले ५०० नग प्लेटिंगला, म्हणजे धातूचा मुलामा द्यायला, जातात. सुपरवायझर डिलिव्हरी चलानाची कार्बन कॉपी फाइलला लावतो, टेम्पो निघून जातो. आठवड्याने ४८० नग परत येतात, त्यांतले काही रिजेक्ट असतात, आणि राहिलेल्या २० नगांवरून प्लेटिंगवाल्याशी फोनवर वाद सुरू होतो. मालकाची डोकेदुखी ही आहे. त्याच कारखान्याचा हिशेब पाहणाऱ्या अकाउंटंटची चिंता मात्र निराळी असते. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट तयार माल एका वर्षाच्या आत परत आला नाही, किंवा तिथूनच रीतसर पुढे विकला गेला नाही, तर जीएसटी कायद्यानुसार तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असे धरले जाते आणि त्यावर कर व व्याज लागते; शिवाय जॉबवर्कच्या मालाचे आयटीसी-०४ हे विवरणपत्र भरताना जुनी चलाने शोधत बसावे लागते. सॉफ्टवेअर एकच असले तरी ते घ्यायची कारणे दोन आहेत आणि ती दोन वेगळ्या माणसांची आहेत. यांपैकी कोणाच्या आग्रहाने खरेदी होते, पैसे कोण मंजूर करतो आणि वापरताना कोण कंटाळा करतो, हे शॉपमध्ये तासभर बसल्याखेरीज कळत नाही. ते कळले की वेबसाइटवरचे पहिले वाक्य आपोआप सुचते, आणि पुष्कळदा सॉफ्टवेअरमधली कोणती स्क्रीन काढून टाकायची हेही त्याच बैठकीत समजते. म्हणूनच या टप्प्यावर मार्केटिंग हा सॉफ्टवेअर घडवण्याचाच भाग आहे असे मी मानतो.

ग्राहकाची पुरती ओळख पटण्याआधी जाहिरातीवर खर्च केला तर काय होते, हे इंटरनेटवर फाइल साठवण्याची सेवा देणाऱ्या अमेरिकेतील ड्रॉपबॉक्सच्या सुरुवातीच्या काळात दिसते. सह-संस्थापक ड्रू ह्यूस्टन यांनी नंतर जाहीरपणे सांगितल्याप्रमाणे, गूगलच्या जाहिरातींतून एक ग्राहक मिळवायला कंपनीला २३३ ते ३८८ डॉलर पडत होते आणि उत्पादनाची किंमत होती ९९ डॉलर. लोक असे काही शोधतच नव्हते, त्यामुळे शोधाच्या निकालाशेजारी जाहिरात लावून फारसा उपयोग नव्हता. याउलट, २००८ मध्ये ह्यूस्टन यांनी स्वतःच्या आवाजात केलेला एक साधा प्रात्यक्षिकाचा व्हिडिओ तंत्रज्ञानप्रेमी मंडळींत फिरला आणि प्रतीक्षा यादी ५,००० वरून एका रात्रीत ७५,००० वर गेली. तो व्हिडिओ कोणासाठी आहे आणि त्या लोकांना काय पाहून आनंद होईल, हे त्यांना नेमके ठाऊक होते, कारण ते त्यांच्यातलेच एक होते. तुमचा ग्राहक तसा व्हिडिओ पाहून नाव नोंदवेल असे मी म्हणत नाही. त्याला ते शॉपमध्ये, त्याच्याच चलानांवर चालवून दाखवावे लागेल. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा देणाऱ्या स्ट्राइप कंपनीचे संस्थापक कॉलिसन बंधू, कोणी वापरून पाहायला तयार झाले की लिंक पाठवतो असे न म्हणता, त्याचा लॅपटॉप मागून तिथल्या तिथे सगळे जोडून देत. भोसरीत हीच पद्धत चालेल, कारण ‘नंतर बघू’ म्हणणारा कारखानदार डिस्पॅचच्या गडबडीत ते नंतर कधीच बघत नाही.

विक्रीचे बोलणे जमत नाही ही तुमची अडचण मी हलकी मानत नाही. परंतु प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच विक्री करावी, असा याचा अर्थ नाही. पुण्याच्याच क्विक हील कंपनीत धाकटे बंधू संजय काटकर यांनी अँटिव्हायरस लिहिला आणि दुरुस्तीचा व्यवसाय करणारे थोरले बंधू कैलास काटकर यांनी तो ग्राहकांपर्यंत नेला. विकणारा माणूस घरचा होता, धंद्याच्या बऱ्यावाईटाचा वाटेकरी होता, आणि लोकांच्या बंद पडलेल्या यंत्रांशी त्याचा रोजचा संबंध होता. तुमच्यापैकी मेकॅनिकलच्या मित्राने हे काम घ्यावे. त्याला ड्रॉइंग वाचता येते, मशीन ओळखता येते, आणि कारखानदार अशा माणसाशी बरोबरीने बोलतो. गोड बोलण्यापेक्षा ‘हे आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होत नाही’ असे सरळ सांगणाऱ्या अभियंत्यावर त्याचा विश्वास लवकर बसतो. दोघांनीही एकदम कोडिंग सोडून फिरू नये. आहेत त्या ११ जणांची तक्रार वेळेत सुटली नाही, तर त्याच गाळ्यांच्या रांगेत तुमचे नाव खराब व्हायला वेळ लागणार नाही.

सुरुवात मात्र कारखान्यांच्या दारांपेक्षा सीए आणि कर सल्लागारांच्या कार्यालयांतून करावी, असे मी सुचवीन. एकेका सल्लागाराकडे असे अनेक कारखाने असतात आणि विवरणपत्राच्या वेळी जुन्या चलानांचा त्रास त्यालाही होतो. मात्र बहुतेक ठिकाणी हिशेब टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. आपली नोंद टॅलीत कशी जाते हा त्यांचा पहिला प्रश्न असेल, आणि त्याचे उत्तर तयार नसेल तर तिथे जाण्याची घाई करू नये.

एजन्सीची वेळ पुढे येईल. कोणाचीही ओळख न सांगता गेलेल्या ठिकाणी पूर्ण किमतीला विक्री होऊ लागली, दर वेळी साधारण तीच कारणे ऐकू येऊ लागली आणि भेटींना माणूस पुरेनासा झाला, की व्हिडिओ, वेबसाइट, जाहिरातींची देखभाल ही कामे बाहेर द्यायला हरकत नाही. कोणाला काय सांगायचे, हे तेव्हाही तुम्हीच लिहून द्यावे. करार सुरुवातीला तीन महिन्यांचाच करावा. मोबदल्याचा विचार किती लोकांनी पोस्ट पाहिली यावरून न करता, किती कारखान्यांनी प्रात्यक्षिक मागितले यावरून करावा. डोमेन, जाहिरातींचे खाते आणि चौकशी करणाऱ्यांची यादी तुमच्या कंपनीच्या नावावर राहील, हे कलम सही करण्यापूर्वी करारात आहे ना, ते पाहावे.