प्रश्न: घरात आम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. पत्ते शिकवायचे आहेत, पण धाकटी हरली की पत्ते उधळते. सुरुवात कुठल्या खेळापासून करू?

धाकटीला लिंबूटिंबू करू नका आणि मुद्दाम हरूही नका. आपल्याला धरलेलंच नाही, हे पाच वर्षांच्या मुलाला पटकन कळतं आणि त्याचा राग हरण्यापेक्षा मोठा असतो. त्यापेक्षा कॅटच तिच्या मापाचा करा.

पहिले चार-पाच दिवस गुलामचोर खेळा. एक्का ते छक्की चारही रंगांची पानं घ्या, म्हणजे 24, आणि त्यात एकच गुलाम घाला. 25 पानं वाटली की एकाला 7 आणि बाकीच्यांना 6 येतात. हातातल्या सारख्या आकड्याच्या जोड्या खाली टाकायच्या, मग पाळीपाळीने शेजाऱ्याचं एक पान न बघता ओढायचं. जोडी जमली की तीही खाली. शेवटी गुलाम ज्याच्याकडे उरेल तो चोर. इथे सगळा नशिबाचा मामला, त्यामुळे आईबाबाही खरेखुरे हरतात. फक्त ‘चोर, चोर’ म्हणून चिडवायचं नाही. चोराने पुढच्या डावाचे पत्ते पिसायचे, एवढंच ठेवा. लहान हातांना पिसता येत नाही, म्हणून पानं सतरंजीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी ढवळू द्या. छान मिसळतात.

मग बदामसात, म्हणजे बदाम सत्तीपासून सुरू करून प्रत्येक रंगाची पानं क्रमाने वर-खाली लावत जायचा खेळ, पण बदलून. पूर्ण कॅट चौघांत वाटला तर प्रत्येकी 13 पानं येतात. तेवढ्यांचा पंखा पाच वर्षांच्या मुठीत धरता येत नाही. पत्ते पडतात, भावाला दिसतात, आणि रडं डाव हरण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. सगळे गुलाम, राण्या, राजे काढा. 40 उरतात, प्रत्येकी 10. आता सत्तीवरून सुरू केलं तर खाली सहा पानं आणि वर तीनच, म्हणून सुरुवात बदाम पंजीने करा. ती ज्याच्याकडे असेल त्याने टाकायची. पुढच्याने बदाम चव्वी, बदाम छक्की किंवा दुसऱ्या रंगाची पंजी लावायची. काहीच लागत नसेल तरच पास. एकाचे पत्ते संपले की डाव थांबवा, उरलेल्या प्रत्येक पानाचा 1 गुण. असे पाच डाव झाले की बेरीज, सगळ्यात कमी गुण तो जिंकला. हिशेबाची वही थोरल्याकडे द्या. एक डाव गेला तरी अजून चार आहेत, हे धाकटीला वहीत दिसतं, आणि उधळणं बहुतेक इथेच कमी होतं.

दहा पानंही हातात मावत नसतील तर बुटाच्या खोक्याचं झाकण उभं करा आणि त्यामागे तिला रंगवार मांडू द्या. वाटून झाल्यावर तिचं एकेक पान आईबाबांनी न बघता ओढून घ्यायचं: तिची 8, भावाची 10, तुमची 11-11. ही सवलत सगळ्यांसमोर सांगून द्या, आणि ती जिंकायला लागली की एका पानावर आणा.

पहिले दोन डाव सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवा. ‘ही टाक’ म्हणू नका, ‘तुझं काय लागतंय?’ विचारा. 6 आणि 9 मध्ये गोंधळ हमखास होतो, कारण समोरच्या कोपऱ्यातला आकडा उलटा छापलेला असतो. मधले ठिपके मोजायला लावा.

खरं भांडण अडवण्यावरून होईल. थोरल्याला लवकरच कळेल की इस्पिक पंजी दाबून धरली की बाकीच्यांची इस्पिकं अडकतात. खेळाची गंमत त्यातच आहे, पण पहिला आठवडा नियम करा: पंजी असेल तर ती आधी टाकायची. नंतर सूट द्या आणि अडवणं म्हणजे काय ते धाकटीला उघड्या पत्त्यांवर दाखवा.

भिकार-सावकार सोपा आहे, पण एकाकडे सगळी पानं जमेपर्यंत चालतो, त्यामुळे संपता संपत नाही. खेळलात तर 10 मिनिटांचा गजर लावा आणि शेवटी पानं मोजा.

पाच-तीन-दोनची, म्हणजे प्रत्येकाने ठरलेले हात करायच्या खेळाची, घाई नको. त्यात एक्का सगळ्यात मोठा, आणि बदामसातमध्ये तोच सगळ्यात खाली. एकाच आठवड्यात दोन्ही शिकवले की थोरलाही गडबडेल. शिवाय तो तिघांचा, 30 पानांचा खेळ आहे. महिन्याभराने, धाकटी झोपल्यावर तिघं बसा.