ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी

प्रश्न : माझा संगणक सहा वर्षांचा आहे. ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. नवा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतल्यापासून फोटोशॉपमध्ये पाच-सहा लेअर झाले की मशीन अडकतं. शिवाय प्रिंट नेहमी काळपट येतात. ग्राफिक्स कार्ड घेऊ, की सगळंच नवं घेऊ?
– एक वाचक

उत्तर : दोन्ही नको, निदान आत्ता तरी. एक अडकणारी फाइल उघडा, टास्क मॅनेजर शेजारी ठेवा आणि काम करत राहा. मेमरी काठोकाठ भरलेली आणि डिस्क १०० टक्क्यांवर दिसली, तर दुखणं कुठे आहे ते कळलंच.

हिशेब करून बघा. १६ बिटमध्ये प्रत्येक पिक्सेलला तीन रंग, प्रत्येक रंगाला २ बाइट, म्हणजे ६ बाइट. तुमच्या फोटोचा एक पूर्ण लेअर १४४ एमबीचा झाला. असे सहा लेअर, वर हिस्टरी (मागे जाण्यासाठी जपलेल्या पायऱ्या), विंडोज आणि उघडा ब्राउझर. ८ जीबी पुरणार कशी? रॅम संपली की फोटोशॉप उरलेला पसारा डिस्कवर लिहू लागतो. त्यालाच स्क्रॅच डिस्क म्हणतात. फिरणारी हार्ड डिस्क सलग वाचनातही सेकंदाला दीडशे-दोनशे एमबीच्या आसपास थांबते आणि तुकड्या-तुकड्यांनी वाचायला लागलं की फारच मागे पडते. एसएसडी म्हणजे फिरणारे भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी साधारण ५५० एमबी देते, एनव्हीएमई या नव्या जोडणीची त्याच्या कितीतरी पट.

मीही एकदा आधी कार्डच घेतलं होतं. फोटो निवडायच्या-सुधारायच्या लाइटरूममध्ये पुढचा फोटो यायला लागायचा तेवढाच वेळ लागत राहिला. त्याचा कॅटलॉग (फोटोंची नोंदवही) आणि प्रिव्ह्यू (पाहण्यासाठीच्या प्रती) एसएसडीवर हलवले, त्या दिवशी काम सुटलं. म्हणून इतकं ठासून सांगतो आहे.

तेव्हा आधी एसएसडी. मदरबोर्डवर एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बसवायची खाच) असेल तर तो एनव्हीएमई घेतो की फक्त साटा, हे बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत पाहा. विंडोज, फोटोशॉप, कॅटलॉग आणि स्क्रॅच, सगळं तिच्यावर. मग रॅम ३२ जीबी, १६-१६ च्या दोन सारख्या स्टिक. एकच मोठी स्टिक लावली तर ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन स्टिक एकाच वेळी वापरण्याचा फायदा जातो. डीडीआर४ जातीच्या रॅमच्या बोर्डात डीडीआर५ बसत नाही, तेवढं तपासून घ्या.

कार्ड कधी घ्यायचं? लाइटरूमचं एआय डिनॉइज (फोटोतले दाणे काढणारी सोय) रोज शेकडो फोटोंवर चालवत असाल तेव्हा. ते काम खरोखर कार्डावर पडतं. मग ८ जीबी मेमरीचं घ्या आणि एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची क्षमता आधी बघा.

आता काळपट प्रिंट. माझ्या मते तुमच्या पत्रातला हाच खरा प्रश्न आहे, कारण संथ मशीनवरही चांगला फोटो होतो, चुकीच्या स्क्रीनवर होत नाही. बहुतेक मॉनिटर कारखान्यातून फार उजळ लावून येतात. त्यावर फोटो छान दिसतो, म्हणून आपण तो पुरेसा उजळत नाही, आणि कागद आपली चूक दाखवतो. ब्राइटनेस १०० ते १२० निट्सपर्यंत (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) उतरवा, व्हाइट पॉइंट, म्हणजे पांढऱ्याची छटा, ६५०० केल्विन ठेवा. डोळ्यांना पहिले दोन दिवस अंधारल्यासारखं वाटेल, वाटू द्या. मॉनिटर आयपीएस पॅनलचा (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा) आणि एसआरजीबी हा रंगांचा नेहमीचा पट्टा जवळजवळ पूर्ण दाखवणारा हवा. शक्य झालं तर कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं यंत्र) घ्या, किंवा कुणाचा तरी उसना आणा. दर महिन्या-दोन महिन्यांनी तासभर लागतो. खिडकीचा उजेड थेट स्क्रीनवर येत असेल तर टेबल फिरवा. याला एक पैसाही पडत नाही.

प्रोसेसरला हात लावू नका. एसएसडी आणि रॅमनंतरही टास्क मॅनेजरमध्ये तोच सतत भरलेला दिसला, तर पुन्हा लिहा.

आणि जुनी हार्ड डिस्क विकू नका. ती धडधाकट असेल तर बाहेरच्या केसमध्ये घालून रॉ फाइलींची (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलींची) दुसरी प्रत तिच्यावर ठेवा, आणि प्रत झाली की केबल काढून कपाटात.