तीन वर्षांच्या पोरीला आईला काय हवंय ते कळतं, पण दुसऱ्याचा गैरसमज का कळत नाही?

कारण हवं-नको आधी कळतं, समज-गैरसमज नंतर. रेपाचोली आणि गॉपनिक या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या बाळांवर केलेला प्रयोग भारी आहे, बाई ब्रोकोली खाऊन खूश होते, बिस्किटाला नाक मुरडते आणि मग हात पुढे करते, तर १४ महिन्यांची बाळं तिला आपल्याच आवडीचं बिस्किट देतात पण १८ महिन्यांची बरोब्बर ब्रोकोली देतात!

गैरसमज कळायला मात्र साधारण चार वर्षं लागतात. घरीच करून बघा, केळी वेफर्सच्या रिकाम्या पुड्यात (आपल्या जळगावात पुड्यांना काय तोटा) लसूण भरा, पोरीला दाखवा, पुडा बंद करा आणि विचारा, आता मामा आला तर त्याला आत काय वाटेल? तीन वर्षांची बहुतेक पोरं बिनधास्त "लसूण" म्हणतात, मामाने आत बघितलंच नाही हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. पाच वर्षांचं पोर "वेफर्स" म्हणून वर हसतं पण.

२००५ च्या एका प्रयोगात १५ महिन्यांच्या बाळांच्या नजरेवरून त्यांनाही थोडं कळत असावं असं दिसलं, पण त्यावर अजून वाद चालूच आहे.

तुमच्या पोरीचं काही चुकत नाहीये. डोक्याला ताप करून घेऊ नका, फक्त "आजीला वाटलं तू झोपलीस" असलं बोलणं घरात होऊ द्या, अशा गप्पांचा फायदा होतो.