नवा हूड गळतो, तरी गॅरेज पैशांसाठी गाडी अडवतंय

प्रश्न: माझ्याकडे १९६८ची एमजीबी रोडस्टर ही उघड्या टपाची ब्रिटिश गाडी आहे. ब्रिटनहून व्हायनिलचा तयार हूड, म्हणजे वरचं घडीचं छप्पर, मागवून पुण्यातल्या एका गॅरेजकडे बसवायला दिला. मजुरी ४८,००० ठरली, ३०,००० आगाऊ दिले. आता डाव्या काचेच्या मागच्या कोपऱ्यात बोटभर फट आहे आणि पाणी आत येतं. ‘हूडच चुकीचा आलाय’ असं सांगून गॅरेज उरलेले १८,००० मागतंय, तोवर गाडी सोडत नाही. बिलावर ‘कामाची गॅरंटी नाही’ असं छापलंय.

उत्तर: आधी गाडी ताब्यात घ्या. करार कायदा, १८७२च्या कलम १७० प्रमाणे वस्तूवर कारागिरी करणाऱ्याला रास्त मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. काम ठरल्यासारखं झालेलंच नाही, असा वाद तुम्हाला घालता येईल, पण तो मिटेपर्यंत गाडी गळक्या हूडखाली उभी राहील. १८,००० साठी तळाचा पत्रा गंजवू नका. पैसे बँकेतूनच द्या आणि त्याच दिवशी ईमेल करा: ‘काम सदोष आहे. गाडी सोडवण्यासाठी, माझे सर्व हक्क राखून, ही रक्कम देत आहे.’ ‘काम समाधानकारक’ या ओळीखाली सही मागितली, तर शेजारी ‘हूड गळतो’ असं स्वतःच्या हातानं लिहा.

गाडी मिळाली की लगेच दुसऱ्या कारागिराकडून हूड उखडून घेऊ नका, कारण त्याबरोबर तुमचा पुरावाही जाईल. सेवेतली त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तुमच्या बाबतीत तर कापड तुम्ही आणलेलं, फक्त बसवणं त्यांचं. त्यामुळे दोष नेमका कशात, यावरच सगळं ठरेल.

ते मोजून दाखवता येतं. पुढचे दोन्ही लॅच लावा, दोन्ही काचा पूर्ण वर करा. हूडची मधली रेषा आणि समोरच्या काचेच्या चौकटीचा मध्य जुळतो का, ते बघा. मध्य एका बाजूला सरकला असेल, तर कापड तिरकं चिकटवलंय. ही चूक बसवणाऱ्याची. मध्य जुळतो, पण डाव्या-उजव्या बाजूला हूडखालच्या सांगाड्याच्या पट्ट्यांची उंची वेगळी असेल, तर सांगाडा वाकलेला आहे. तो आधीच वाकलेला असला, तरी कापड चिकटवायचं सोल्यूशन लावण्यापूर्वी नुसता सांगाडा बसवून पाहणं आणि तुम्हाला सांगणं हे गॅरेजचं काम होतं. दोन्ही बाजू सारख्याच आखूड पडत असतील, तरच हूड चुकीचा आल्याची शंका रास्त. तुमची फट एकाच बाजूला आहे, म्हणून गॅरेजचं म्हणणं मला लंगडं वाटतं. तरीही हूडच्या विक्रेत्याला फोटोंसह आजच लेखी कळवून ठेवा.

हूड टेकतो तिथल्या रबराची पकड तपासायला चौकटीवर कागदाची पट्टी ठेवून हूड बंद करा. ती अलगद निघाली, तर तिथे रबर दाबलंच जात नाही. नळाच्या पाण्याखाली दहा मिनिटांचा अखंड व्हिडिओ घ्या. ‘उन्हात बसेल आपोआप’ असं गॅरेजवाले ऐकवतील. घड्यांच्या सुरकुत्या उन्हानं जातात हे खरं, पण तिरकं चिकटलेलं कापड सरळ होत नाही. ही मापं जुन्या गाड्यांच्या हूडचं काम करणाऱ्या त्रयस्थ कारागिराकडून लेखी घ्या, दुरुस्तीच्या अंदाजपत्रकासह. पुढे तो प्रतिज्ञापत्र द्यायला तयार असावा.

मग स्पीड पोस्टनं नोटीस पाठवा: १५ दिवसांत विनामूल्य दुरुस्ती, नाहीतर मजुरी परत. ही संधी देणं कायद्यानं सक्तीचं नाही, पण ग्राहक आयोगापुढे तुमची बाजू त्यामुळे भक्कम होते. तोवर गाडी छपराखाली ठेवा. टाळता येण्यासारखं नुकसान भरून मिळत नाही.

उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ३५ खाली जिल्हा आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून तक्रार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यानं शुल्क नाही. मजुरीचा परतावा किंवा नव्यानं बसवण्याचा खर्च, यांपैकी मुख्य मागणी कोणती ते ठरवा. सोबत त्रास आणि तक्रारीचा खर्च मागा. ‘गॅरंटी नाही’ एवढं छापल्यानं काम नीट करण्याची कायदेशीर जबाबदारी संपत नाही.

गाडी तुम्ही वरातींना भाड्यानं देत असाल, तर मात्र आधी वकिलाशी बोला. व्यापारी हेतूनं सेवा घेणारा या कायद्याखाली सहसा ग्राहक ठरत नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, कलम ६९. ती दोष पहिल्यांदा दिसला त्या दिवसापासून मोजा. गॅरेजशी बोलणी चालू आहेत म्हणून ती थांबत नाही.